रविवारची लेन्स

पांढुर्ण्याच्या आमच्या ऑफिसात ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. भाजीत मीठ कमी असो की नागपूरची गाडी उशिरा असो, तिचं म्हणणं एकच, "चालते ना, ताई." बोलताना पेनाच्या टोकानं जाड चष्मा वर सरकवते.

चष्मा घालवायचं लेझरचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी तिला बजावलं होतं की तपासणीआधी पंधरा दिवस लेन्स लावायची नाही. लेन्सनं बुबुळाचा आकार जरासा बदलतो, माप चुकतं आणि लेझर त्या चुकीच्या मापानंच चालतो.

सोमवारी तपासणीसाठी मी तिच्यासोबत नागपूरला निघाले. गाडीत ती हळूच म्हणाली, "काल सौंसरचे पाहुणे मले पाहाले आले होते. आई म्हणे, चष्म्यात नको बसू. मंग लावली मी लेन्स."

"डॉक्टरले सांगशील ना?"

"मंग ते पुढची तारीख देतीन. इकडे लग्न जमून राहिलं. एका दिवसानं काय होते? चालते ना."

मशीनपुढे बसताना तिनं चष्मा माझ्या हातात दिला. डॉक्टरांनी विचारलं, "मधे लेन्स लावली नाही ना?"

ती माझ्याकडे वळली. चष्म्याविना माझा चेहरा तिला दिसणं शक्यच नव्हतं. नाकावर नसलेला चष्मा बोटानं वर सरकवत ती म्हणाली, "नाही."

मी उठले, चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला आणि तिच्यासमोर उभी राहिले.