पद्मराज टेलरच्या टिकल्या

निपाणीत ज्याच्या अंगात डिस्को शर्ट नव्हता त्याचं लग्न लांबायचं, असा एक काळ होता. माझं मात्र शर्ट असूनही लांबलं. शर्ट मिळायचा एकाच दुकानात, पद्मराज टेलरकडं. काळं कापड आणि छातीभर हातानं टाचलेल्या चमकत्या टिकल्या. दहादा धुतला तरी एक गळायची नाही. "हात हाय माझा," पद्मराज सांगायचा. त्याची बायको लक्ष्मीबाई तेव्हा पडद्यामागं बसलेली असायची. ती काय करते, हे आम्ही कधी विचारलं नाही. एरवी कुणाच्या घरात काय शिजतंय ते आम्हाला वासाआधी कळायचं.

डिस्को गेला. पद्मराज शाळेचे गणवेश शिवू लागला.

यंदा डिस्को परत आला. बेळगावच्या कॉलेजातली रचना आपल्या आज्जाच्या ट्रंकेतला शर्ट घेऊन दुकानात उभी. "आमच्या डिस्को नाइटला असेच बारा पाहिजेत. टिकल्या हातच्याच हं, तुम्ही कलाकार आहात." पद्मराज हो म्हणून बसला. चाळीस वर्षांनी कुणीतरी त्याला कलाकार म्हटलं होतं.

शर्ट मशिनवर झाले, टिकल्या बसेनात. लक्ष्मीबाईची नजर साखरेच्या दुखण्यानं तीन वर्षांमागं गेलेली. म्हातारा आठ दिवस सुई घेऊन झटला. सकाळी लावलेली टिकली दुपारी फरशीवर.

अशात क्षमावाणी आली. पर्युषण संपलं की जैन मंडळी एकमेकांना हात जोडतात, कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा म्हणतात. बोलायला सोपं, कारण काय चुकलं ते सांगावं लागत नाही. मी जैन नव्हे, पण बातमीसाठी बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, दारात असतोच.

शेजारच्या वृषभनं हात जोडले. पद्मराजनंही जोडले आणि पायरीवर बसलेल्या लक्ष्मीबाईकडं बोट करत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नकळत न्हाय, कळूनच केलंय. टिकल्या हिच्या होत्या. एक बी माझी न्हवती."

"जाऊ द्या की अण्णा, घरचंच काम," वृषभ म्हणाला.

"घरचं व्हय. पाटीवर नाव माझं."

ते शर्ट मिरवलेले आम्ही चौघं-पाचजण जमिनीकडं बघत राहिलो.

पद्मराज लक्ष्मीबाईपुढं वाकला. तिनं चाचपडत त्याचा हात धरला, सुईनं टोचलेल्या बोटांवरून अंगठा फिरवला.

"केली क्षमा," ती म्हणाली. "पण त्या पोरीला आत्ताच फोन करा. शर्ट साधेच घे म्हणावं. तुमच्या हातच्या टिकल्या माझ्या नावावर नगोत."

पद्मराजनं तिच्या शेजारी बसून फोन लावला.