खैऱ्याच्या पाठीवर थाप

गवारीच्या अर्ध्या शेंगांच्या शिरा काढून झाल्या होत्या, अर्ध्या अजून सुपात होत्या, आणि तेवढ्यात कुंताबाईच्या लक्षात आलं, की ओसरीतली खाट बऱ्याच वेळात वाजली नाही.

त्या खाटेवर तिचे सासरे, पुंडलिकराव, दुपारचे पडून असत. त्यांनी कूस बदलली की खाट कुरकुरायची, उठून बसले की कुरकुरायची, नुसतं खोकले तरी कुरकुरायची. घरात कुंताबाई कुठंही असली तरी तिचा एक कान त्या खाटेकडे असायचा.

"मामाजी?"

सूप बाजूला सारून ती ओसरीत आली. खाट रिकामी. खाटेखाली चपला तशाच. फाटक मात्र उघडं होतं.

वैशाखातली दुपार. आंजी गावच्या गल्लीत कुत्रंसुद्धा सावली सोडून हलत नव्हतं, आणि ऐंशी ओलांडलेला माणूस अनवाणी बाहेर पडला होता.

पुंडलिकराव एकेकाळी कसे होते ते गावात अजून सांगतात. त्यांच्या बंडीचा, म्हणजे बैलगाडीचा, आवाज ऐकून लोक ओळखायचे, की पुंडलिकराव भाजी घेऊन निघाले. त्यांची बैलजोडी होती तांबड्या खैऱ्याची आणि मोऱ्याची. त्यांनी बैलाला मारलेलं कोणी कधी पाहिलं नाही. जुंपायच्या आधी पाठीवर एक थाप, सोडल्यावर एक थाप, बस्स. कुंताबाईचे मालक ऐन उमेदीत गेले, तेव्हा माहेरची माणसं तिला न्यायला आली होती. पुंडलिकरावांनी अडवलं नाही, पण ते दारातून उठलेही नाहीत. "जायचं असन तं जा पोरी. पण हे घर तुहं हाय, माह्यं नाई," एवढंच म्हणाले. ती राहिली. पोराला, आदेशला, तिनं इथंच वाढवलं. तेव्हापासून सकाळी देवाला दिवा लावला, की सासऱ्याच्या पायाला हात लावायचा, मगच चुलीकडे वळायचं, हा तिचा नेम कधी मोडला नव्हता.

अलीकडं मात्र त्यांचं मन मागं मागं निघालं होतं. बैल जाऊन किती वर्षं लोटली, पण त्यांना ते गोठ्यात दिसायचे. मागच्या पौषात असेच निघून गेले, ते एस.टी. स्टँडवर सापडले. आर्वीच्या गाडीत बसून कंडक्टरला सांगत होते, "बैलाचं अर्धं तिकीट काप भौ, जवान हाय अजून." गाव आठ दिवस हसलं. कुंताबाई हसली नाही.

शेजारची धुरपता हाक ऐकून धावत आली. वयानं मोठी, बोलण्यात फटकळ, पण अडीअडचणीला सगळ्यात आधी हजर.

"गेले काय पुन्हा? अवं, कडी काऊन नाई घातली तू फाटकाले?"

"घातलती वो बाई. त्यायनं काढली असन."

"मंग स्टँडवरच असतीन. मागच्या खेपेले तिथंच तं गेलते. मी पोट्टे घेऊन जातो तिकडे, तू घर पाह्य." आणि डोक्यावर पदर ओढून ती गल्लीच्या उजव्या हाताला, स्टँडकडे निघालीसुद्धा. तिच्या मागं तीन-चार जण.

कुंताबाई फाटकात उभी राहिली. गल्ली उजवीकडे स्टँडला जाते, डावीकडे वावरांत. मागच्या वेळी उजवीकडे गेले म्हणून आजही तिकडेच गेले असतील? मधेच बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर एक ट्रक भोंगा वाजवत गेला. "मारोतीराया, पाय भाजून राह्यले असतीन रे त्यायचे," ती पुटपुटली. गुरुवारचा उपास होता, सकाळपासून घोटभर चहावर ती होती, आणि आता डोळ्यांपुढं ऊन नाचायला लागलं.

आदेश सिंदीला मित्राच्या साक्षगंधाला गेला होता. मोटारसायकलवर असेल म्हणून दोनदा फोन उचलला गेला नाही. तिसऱ्यांदा उचलला.

"आई, गाडीवर हाय मी, मंग बोलतो."

"थांब. तुहे आबाजी नाई दिसून राह्यले."

पलीकडं ब्रेक लागल्याचा आवाज आला.

"कवापासून?"

"मले काय मालूम? मी शेंगा निवडत होतो. धुरपता स्टँडवर गेली पाहाले. पण मले..." बोलता बोलता तिची नजर फाटकाबाहेर कडुलिंबाखाली उभ्या असलेल्या पिकअपवर गेली. रोज पहाटे आदेश ती गाडी भरून भाजी वर्ध्याला न्यायचा, ऊन चढायच्या आत परत येऊन लिंबाखाली लावायचा. समोरच्या काचेच्या आत, आरशामागं, एक निळा दिवा लुकलुकत होता.

"आदेश, तुह्या त्या कॅमेऱ्यानं पाह्यलं असन ना रे?"

तो कॅमेरा आदेशनं दिवाळीत बसवला होता. भाजीबाजारात उभ्या गाडीचा मागचा दिवा कोणीतरी फोडून पसार झालं, त्या रागात. गाडी बंद असली तरी तो बॅटरीवर जागा राहतो, म्हणून आदेशला त्याचं भारी कौतुक. गुढीपाडव्याला कुंताबाईनं गाडीची पूजा केली तेव्हा काचेवर नेमकं कॅमेऱ्यासमोर कुंकवाचं बोट ओढलं होतं. "आई, तो देव नाई, कॅमेरा हाय!" म्हणून आदेश ओरडला. "घराची राखण करते ना? मंग झालं," म्हणून तिनं अक्षताही टाकल्या.

"नाई दिसन वो आई," आदेश म्हणाला. "हालचालीचं म्या बंद करून ठेवलं. लिंबाची फांदी हालली की तो रेकॉर्डिंग सुरू करे. दिवसभर नुसता पाला. कार्डात पाल्याशिवाय काही राहेच ना."

"मंग उन्हात लावायची गाडी."

"उन्हात कॅमेरा तापून बंदच पडते. म्हणून तं सावलीत लावतो."

"मंग चालू काय हाय त्याच्यातलं?"

"धक्क्याचं तेवढं. गाडीले कोणी ठोकलं, हलवलं, तं तेवढंच धरते. आबाजी बाजूनं निघून गेले असतीन तं त्याले समजन कसं?"

धक्क्याचं. कुंताबाई गाडीच्या बॉनेटकडे पाहत राहिली.

त्या पांढऱ्या पिकअपला पुंडलिकराव खैऱ्या म्हणायचे. पहिल्यांदा दारात आली तेव्हा बराच वेळ पाहून म्हणाले, "याचा रंग काऊन उडाला वं?" आणि तेव्हापासून जाता-येता, फाटकातून निघताना, तिच्या नाकाडावर एक दणदणीत थाप. आदेश वैतागायचा. दर थापेला कॅमेरा जागा व्हायचा आणि तेवढा तुकडा कुलूप लावून जपून ठेवायचा. "चोर पकडाले आणला अन् आबाजीचा हात पकडून राह्यला!" परवाच जेवताना तो म्हणाला होता, की धक्क्याची जाणीव एकदम कमी करून टाकतो, म्हणजे ट्रक धडकल्याशिवाय कॅमेरा डोळा उघडणार नाही.

कुंताबाईनं फोन कानाला घट्ट दाबला.

"आदेश, ते तू कमी करणार होता ना... थापेचं?"

पलीकडं आदेशनं गाडीचं इंजिन बंद केलं.

"केलं काय?"

"आई..."

"केलं का नाई ते सांग!"

"राहून गेलं वो. उद्या करतो, उद्या करतो म्हणून... राहूनच गेलं."

कुंताबाईनं डोळे मिटले. या पोराच्या 'उद्या करतो'वर तिनं आजवर किती डोकं फोडलं होतं, त्याचा हिशेब नव्हता.

"जल्मात पहिल्यांदा तुह्या आळसाचं सोनं झालं, बाप्पा. आता सांग, कसं पाहू?"

"चावी देव्हाऱ्याजवळ हाय. लाव, पण सेल नको मारू, गाडी चालू नाई करायची. अन् आई, दार आपटू नको. तूही धक्का देशीन तं तोच नवा तुकडा बनन."

चावी घेऊन ती परत फिरली, मग आठवलं, चष्मा सुपातच राहिला. पुन्हा आत. सुपाला पाय लागला, शेंगा जमिनीवर सांडल्या. उचलायला वेळ नव्हता. गाडीचं दार तिनं झोपलेल्या लेकराच्या पाळण्याजवळून जावं तसं अलगद उघडलं, पायरीवर पाय ठेवून आत चढली आणि चावी फिरवली. आतली हवा भट्टीसारखी. कॅमेऱ्याच्या पाठीवर काडेपेटीएवढा पडदा होता.

"कुलपाचं चित्र दिसते? त्याच्यावर दाब. सगळ्यात वरचं लाव."

तिनं दाबलं. पडद्यावर रिकामी गल्ली, कोपऱ्यात पाडव्याच्या कुंकवाचा लालसर डाग, आणि मग गाडी किंचित हलली. बाकी काही नाही.

"हे तं माह्यं चढणंच हाय रे!"

"मंग त्याच्या खालचं."

चुकून वेगळंच बटण दाबलं गेलं, पडदा काळा झाला. "गेलं! आदेश, सगळं गेलं!"

"नाई जात, कुलपातलं नाई जात. दम धर. पुन्हा दाब."

पुन्हा कुलूप. त्याच्या खालचा तुकडा.

आणि पुंडलिकराव आले. पडद्याच्या कडेनं, धोतराचा सोगा हातात धरून, हळूहळू. कॅमेरा धक्क्याच्या थोडं आधीपासूनचं धरून ठेवतो, म्हणून त्यांचं येणंही त्यात होतं. खांद्यावर गोठ्यातलं जुनं दावं. ते बॉनेटजवळ थांबले. हात उगारला. धप्प. पडदा हादरला. कुंकवाच्या डागाआड त्यांचा चेहरा जवळ आला, आणि बारीकसा, पण त्यांचाच आवाज आला, "थांब रे खैऱ्या इथंच. मोऱ्याले पाणी दाखवून आणतो. मंग तुही पाळी."

मग ते वळले. डावीकडे, वावरांकडे.

फोनवर आदेशनंही ऐकलं होतं. "पाणी दाखवतो म्हणजे? कोणाले दाखवते आबाजी पाणी?"

पण कुंताबाईला कळलं होतं. तिच्या पिढीला हे सांगावं लागत नाही. बैलाला पाणी दाखवायचं म्हणजे बैल पाण्यावर न्यायचा. आणि या घरचे बैल पाणी प्यायचे ते एकाच जागी, ओढ्यापल्याडच्या जुन्या वावरात, विहिरीजवळच्या दगडी डोणीत. डोणी कोरडी पडून जमाना झाला. आणि विहिरीचा कठडा गेल्या पावसाळ्यात एका अंगानं ढासळलेला होता.

"विहीर रे! जुन्या वावरातली! धुरपताले फोन लाव, म्हणा उलटी फिर!"

मग तिनं दार आपटलं की लोटलं, तिला कळलं नाही. ती पळत सुटली.

ओढ्यातल्या वाळूत पाय रुतले, पदर बाभळीला अडकून टर्रकन फाटला. वाटेत मातीवर कुठं अनवाणी पाऊल दिसतं का ते ती पाहत होती, आणि दिसलं की जीव आणखी खाली जात होता, कारण पावलं सरळ विहिरीकडेच निघाली होती. तोंडात देवाचं नाव होतं, पण कोणत्या देवाचं ते तिलाही सांगता आलं नसतं.

बांधावर चढली आणि थबकली.

पुंडलिकराव विहिरीच्या ढासळलेल्या अंगाला उकिडवे बसले होते. पायाखाली सुटे दगड. दाव्याचं एक टोक हातात, दुसरं त्यांनी विहिरीत सोडलं होतं, आणि वाकून ते खाली काहीतरी पाहत होते. एक दगड निसटला. किती तरी वेळानं खालून आवाज आला.

हाक मारावी तर दचकून तोल जाईल. धावत जावं तर पायाच्या आवाजानं वळतील. कुंताबाई पाऊल न वाजवता हळूहळू जवळ गेली, आणि रोज ताट वाढताना बोलायची तशा आवाजात म्हणाली,

"मामाजी, मोऱ्या पिऊन आला. बांधला गोठ्यात."

ते वळले नाहीत. "पिला?"

"हो."

"पोटभर?"

"पोटभर पिला. आता खैऱ्या वाट पाहून राह्यला तुमची."

पुंडलिकराव जरा वेळ विहिरीत पाहत राहिले. मग दावं वर ओढायला लागले, हातामागं हात टाकून, बादली ओढावी तसं. कुंताबाईनं मागून त्यांच्या अंगातल्या बंडीचा कपडा मुठीत धरला होता. ते उठले, मागं सरले, आणखी मागं, आणि जमीन पक्की लागली तेव्हा ती मटकन खाली बसली.

"रडून काऊन राह्यली?" पुंडलिकरावांनी विचारलं. "जनावर पिलं ना?"

"पिलं, मामाजी."

"मंग ऊठ. ऊन पाह्य केवढं झालं."

तिनं फाटलेल्या पदराचे दोन तुकडे करून त्यांच्या तळपायांना गुंडाळले. येताना दाव्याचं एक टोक तिच्या हातात होतं, दुसरं त्यांच्या. धुरपता बांधापर्यंत धापा टाकत आली होती. दोघांना पाहून आधी हात जोडले, मग तोंड सोडलं, "बुवा, आमाले मारता काय तुमी? इकडे यायचं तं सांगून याव ना!"

"कोण हाय ही?" पुंडलिकरावांनी सुनेला विचारलं.

"शेजारची धुरपता."

"लय बोलते."

घरासमोर ते पिकअपजवळ थांबले आणि थाप मारली. काचेआड निळा दिवा लुकलुकला.

आदेश धूळ उडवत आला तेव्हा आबाजी खाटेवर होते, तळपायांना खोबरेल तेल लावून झालेलं, आणि खाट कुरकुरत होती. तो आधी त्यांच्याजवळ बसला, त्यांचा हात धरून. मग बाहेर येऊन गाडीच्या कॅमेऱ्याशी खटपट करायला लागला.

"थापेचं जसं हाय तसंच राहू देजो," कुंताबाई दारातून म्हणाली.

"हो वो. अन् हालचालीचंही चालू करतो. ही खालची फांदी छाटतो, म्हणजे पाला समोर नाई येणार. गाडीचं तोंड फाटकाकडे करून ठेवत जाईन."

"आज छाटशीन का उद्या?"

आदेशनं कुऱ्हाड आणायला आत धाव घेतली.

कुंताबाईनं सांडलेल्या शेंगा गोळा करून सुपात टाकल्या, वर ताट झाकलं, दुसरं लुगडं नेसली. फाटकाची कडी धुरपताच्या ताब्यात देऊन ती हेमराज मिस्त्रीकडे निघाली, विहिरीचा कठडा बांधायला बोलवायला.