काकूंच्या सरळ रांगा

खुर्च्या भाड्याने देणाऱ्या काकू दोरी ताणल्याशिवाय रांग लावत नसत. गेल्या वर्षी गल्लीच्या शरद मेळाव्यात त्यांच्या रांगा संध्याकाळपर्यंत तशाच सरळ राहिल्या, कारण बसायला फारसं कुणी आलंच नाही. यंदाही तसंच झालं तर मेळावा बंद, असं चिटणीसांनी सांगून टाकलं होतं. तेवीस वर्षं या मेळाव्याला खुर्च्या पुरवणाऱ्या काकूंच्या तोंडचं पाणीच पळालं.

दुपारी दीडशे खुर्च्या मांडून त्या टेम्पो घेऊन दुसऱ्या कामाला गेल्या. पाचला परतल्या, तर एक रांग धड नव्हती. चार खुर्च्या नळापाशी गेल्या होत्या, सहा झाडाखाली गोल करून मांडल्या होत्या. एका खुर्चीवर एक आजोबा होते आणि दुसरीवर त्यांचे पाय.

चिटणीस ओशाळून म्हणाले, "काकू, पार विचका केला हो लोकांनी. आता तुम्ही ओरडणार."

"ओरडणारच! त्या बायका उभ्या आहेत तिकडे. खुर्च्या कमी पडल्या हे सांगायचं नाही होय? पुढच्या वर्षी दोनशे आणते."

काकूंनी दोरी पिशवीत टाकली आणि टेम्पोतल्या उरलेल्या खुर्च्या उतरवायला घेतल्या.