पलीकडे गेलेला लिवियो

पत्ते खेळताना लिवियो तोंड सोडायचा, आणि त्याची बायको नेवेंका त्यामुळेच निर्धास्त असायची. पेदोचिनच्या किनाऱ्यावर बायका भिंतीच्या अलीकडे, पुरुष पलीकडे. ती पांढरी भिंत पार पाण्यात शिरलेली. दोघं तिकिटाच्या खिडकीपर्यंत बरोबर यायची आणि मग आपापल्या फाटकाने आत जायची. आपला संसार टिकला तो या भिंतीमुळे, असं नेवेंका साऱ्या त्रिएस्ते गावाला सांगायची. त्यात खोटं फारसं नव्हतं. पलीकडून नवऱ्याच्या शिव्या ऐकू आल्या की ती सुखाने उन्हात पालथी पडायची.

मार्चमध्ये लिवियोच्या हृदयाने दगा दिला. डॉक्टरांनी बजावलं, समुद्रात उतरायचं नाही, थंड पाण्याशी गाठ नको. जन्मभर बंदरावर कॉफीची पोती उचललेला माणूस, कुणाचं ऐकायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. पण या वेळी त्याने झटकन वचन देऊन टाकलं. तिथेच नेवेंकाच्या मनात पाल चुकचुकली.

सप्टेंबर लागला तसा पलीकडचा आवाज मधूनच बंद पडू लागला. नेवेंका भिंतीवरून हाक मारायची, "लिवियो!" उत्तर यायचं ते मिलोरादचं, त्याच्या पत्त्यांतल्या जोडीदाराचं. "संडासात गेलाय, वहिनी." रोज. पोट इतकं बिघडलेल्या माणसाला खरं तर पुन्हा इस्पितळात घालायला हवं होतं. या गावात सर्ब, स्लोव्हेन आणि इटालियन यांचं कॉफीत दूध किती घालावं यावरही एकमत होत नाही, पण बायकोला थाप मारायची म्हटली की सगळे एका सुरात. भिंतीपलीकडचं अलीकडे सांगायचं नाही, हा त्यांचा धर्म. घरी आल्यावर ती नवऱ्याचा टॉवेल चक्क चाटून बघायची. खारट लागायचा. लिवियो म्हणायचा, घाम आहे.

त्या गुरुवारी बंदराला मोठं जहाज लागलं होतं. चौक, किल्ला, कॅफे बघून झाल्यावर पाहुण्यांना आता ही भिंत बघायची असते. टोपीवाली एक डच बाई नेमकी नेवेंकाच्या चटईशी येऊन उभी राहिली. भिंत कुणी बांधली, का बांधली, नवऱ्यापासून वेगळं बसायला अपमान वाटत नाही का, एक ना दोन. पलीकडे बराच वेळ सामसूम होती आणि ही बया कानाशी टकळी लावून बसलेली. नेवेंकाने दोनदा हाक मारली. दोनदा तेच उत्तर आलं. तिसऱ्यांदा मिलोराद "संडासात" एवढंच म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला.

"ही भिंत पाडावी असं तुम्हाला कधी वाटत नाही का?" डच बाईने विचारलं.

"आत्ता वाटतंय," नेवेंका म्हणाली आणि ओल्या पोशाखावर झगा चढवून निघाली.

तिकिटवाला अडवायला उठला, तिचा चेहरा बघून खाली बसला. पुरुषांच्या बाजूला एकच धांदल उडाली, ज्याला जे सापडलं ते त्याने कमरेला गुंडाळलं. लिवियो दगडांवर आडवा होता. ओठ निळे, केस ओले, अंगावर तीन टॉवेल, आणि मिलोराद त्याचे तळपाय चोळत होता.

"इस्पितळाची गाडी बोलावलीय, वहिनी. येतेच आहे."

"आणि मला कोण बोलावणार होतं?"

मिलोराद आणखी जोरात तळपाय चोळू लागला. लिवियोने डोळे किलकिले केले. "नेवेंका, इथे बायकांना बंदी आहे," तो म्हणाला.

तो वाचला. घरी आल्यावर नेवेंकाने पेदोचिनचं नावच काढू दिलं नाही. आता जायचं ते बार्कोलाला. तिथे समुद्राकाठच्या फरसबंदीवर बायका, पुरुष, पोरं, कुत्री सगळी एकत्र पसरतात आणि कुणी कुणाच्या नजरेआड होत नाही. तिने दोन घडीच्या खुर्च्या आणल्या आणि स्वतःची अशी मांडली की नवरा पूर्ण दिसावा. मिलोराद एकदा येऊन गेला. नेवेंकासमोर त्याला धड शिवी देता येईना, तिची नजर चुकवता चुकवता त्याची पुरेवाट झाली. पुन्हा तो फिरकला नाही.

लिवियोने मात्र सगळं ऐकलं. टोपी घाल म्हटलं, घातली. सावलीत सरक म्हटलं, सरकला. विचारलं त्याला हो, सांगितलं त्याला बरं. नेवेंका जिंकली होती आणि तिचा जीव नुसता जळत होता. दिवसभर माणूस डोळ्यांसमोर, आणि बोलायला शब्द नाही. मुद्दाम भांडण उकरून काढावं तर तो भांडतही नव्हता.

ऑक्टोबरातल्या एका उबदार दुपारी तिचा बांध फुटला. "एवढं तोंड पाडून बसायला मी तुझं काय वाईट केलंय? तुला जगवायचं म्हणूनच करतेय ना सगळं?"

लिवियो पाण्याकडे बघत होता. "इथे तू मला बघत असतेस, नेवेंका. सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

"मग? बायकोने बघू नये?"

"प्रेताजवळ बसतात ना रात्रभर, तशी बघतेस."

तिला राग आला. मग रडू आलं, त्याचाही राग आला. ती उठली, खुर्ची उचलली आणि फिरवून ठेवली. तोंड रस्त्याकडे, पाठ समुद्राकडे. समोरून बस गेली. मागे लिवियोची खुर्ची करकरली. थोड्या वेळाने पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवर अनवाणी पावलं वाजली, सावकाश, एकेक.

नेवेंकाने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. मान वळवावी असं आयुष्यात तिला इतकं कधीच वाटलं नव्हतं. तिने ती वळवली नाही.