बर्फाच्या खोलीतून गेलेला निरोप

भुताखेताचं कोणी सांगायला लागलं की मी एकच विचारायचो – आधी वायरिंग तपासलंत का? माझा पेशाच तसा. बोईसरला एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. काटा उगाच हलला तर कुठेतरी जोड सैल असतो, आत्मा नसतो... असं माझं ठाम मत. ते मत अजून पुरतं मोडलेलं नाही, पण त्याला एक भोक पडलंय. ते कसं पडलं, तेवढं सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नोकरी सांभाळून मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. ऑर्केस्ट्रा सातपाटीच्या जयवंतचा. तो गायचा आणि त्याची बायको, कुंदावहिनी, कीबोर्ड वाजवायची. घरची बोट, दिवसभर मासळीचं काम, आणि तरी हात असा की ही बाई भजनातली पेटी ऐकून शिकलीय हे कोणाला खरं वाटू नये.

त्या मे महिन्यात दांडी गावात लग्नाच्या एका हळदीची सुपारी मिळाली होती. माझ्या मावसभावाने गल्फहून मला गिटारचा आवाज बदलणारा इफेक्ट प्रोसेसर आणि तो पायाने चालवायचा कंट्रोलर आणून दिला होता. दोघांच्या मध्ये पाच पिनांची मिडी वायर. या वायरीतून आवाज जात नाही, नुसते आकडे जातात. तीन नंबरचं बटण दाबलं की कंट्रोलरने सांगायचं 'तीन', आणि प्रोसेसरने तिसरा आवाज लावायचा. एवढं साधं. पण कंट्रोलरवर लाल आकडा बदलायचा आणि प्रोसेसर मात्र ठार बहिरा.

आमची प्रॅक्टिस सातपाटी गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या बर्फ कारखान्यात चालायची. जाड बुचाच्या भिंती, त्यावर पत्रा, खिडकी नाही, दार तिजोरीसारखं. आवाज बाहेर जात नाही म्हणून सोयीची खोली. दाराची खिट्टी मात्र फक्त बाहेरून होती, म्हणून आम्ही विटा लावून दार उघडं ठेवायचो.

दुपारी जयवंत पालघरला गेला – तिथला एक रेडिओवाला पिना सोल्डर करून नवी वायर बनवून देणार होता. मी एकटाच मागे राहिलो. वायर उलटी लागली नाही ना पाहिलं. आऊटमधून इनमध्येच होती. पिना खरवडल्या. मग दोन्ही यंत्रं एकाच चॅनेलवर बोलतायत का बघावं म्हणून मॅन्युअल उघडलं, आणि तेवढ्यात वारा आला. विटा सरकल्या, दार आपटलं. खिट्टी पडल्याचा आवाज मला आतून स्पष्ट आला.

आधी हसूच आलं. मग खांदा लावला. मग ओरडलो. ॲम्प्लिफायर फुल्ल करून गिटारवर हात मारत सुटलो... खोलीने सगळं गिळून टाकलं. आणि मग लाइट गेली.

तसा अंधार मी त्याआधी पाहिला नव्हता. पत्रा तापलेला, दाराला चारी बाजूंनी रबर, हवा यायला फट नाही. जयवंत संध्याकाळशिवाय येणार नव्हता, आणि आला तरी आधी घरीच जाणार. शर्ट काढला. श्वास आखूड व्हायला लागला होता. कंट्रोलर तेवढा बॅटरीवर चालू होता. वायर पायात येत होती म्हणून मी ती उपटून फेकली आणि कंट्रोलर मांडीवर घेऊन बसलो. बटणं दाबत राहिलो – एक, दोन, तीन, चार – तो लाल आकडा दिसत राहावा म्हणून. दुसरं काही कारण नाही. तो दिसेनासा झाला की मीही संपलो, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

शेवटी आकडा मंद होत होत विझला. मग गाल फरशीला लावून पडून राहिलो. घरच्यांची नावं आठवायचा प्रयत्न केला. मुलीचं नाव काही केल्या आठवेना. कितीतरी वेळ असा गेला.

दार उघडलं तेव्हा डोळ्यांत उजेड घुसला. उंबऱ्यावर कुंदावहिनी, हाताला मासळीचे खवले तसेच.

"भाऊ, तुमीच बटनं दाबत होते ना मगापासून?"

मला ओढत बाहेर आणून तिने पाणी पाजलं. मग म्हणाली, "लाइट गेली म्हनून कीबोर्ड सेलवर लावला. पेटीचा आवाज लावलेला, तर मधीच बासरी झाली. मग घंटा. हात काढून परत मासळी निवडायला बसले, तरी आकडे बदलतायत. एक, दोन, तीन, चार, चार. परत एक."

"चार दोनदा?"

"तुमी चार नेमी दोनदा दाबता. ठाऊक नाय तुमाला?"

खरंच ठाऊक नव्हतं.

"म्हटलं, हा मानूस बोलवतोय. हात धुवायला पन नाय थांबले."

संध्याकाळी जयवंत आला आणि आम्ही तिघांनी तो कीबोर्ड पालथा करून पाहिला. स्टेजचा मोठा कीबोर्ड खोक्यात बंद होता; हा घरचा, सरावाचा. त्याला मिडीचं सॉकेटच नव्हतं. कंट्रोलरला नवी बॅटरी घालून दोन्ही शेजारी ठेवले, बटणं दाबली. काही नाही. दुसऱ्या दिवशी प्रोसेसरचा दोष सापडला – तो भलत्याच चॅनेलवर ऐकत होता. चॅनेल जुळवला, हळद छान झाली.

कारखान्यातल्या इंजिनिअर साहेबांनी रेडिओ लहरी, योगायोग, सगळं समजावून पाहिलं. मी मान डोलावली. पण एक गोष्ट त्यांना सांगितलीच नाही. मी वहिनीला विचारलं होतं, "निघालीस तेव्हा आकडे थांबले होते ना?"

"नाय. तवा तर भराभर बदलत होते. घाबरल्यासारके."

मी एकदाही भराभर दाबलं नव्हतं. आणि तिचं घर तिथून पाच मिनिटांवर, म्हणजे ती निघाली तेव्हा माझी बॅटरी कधीच संपलेली होती. मग ते कोण दाबत होतं? इतकी वर्षं झाली, अजूनही वहिनीपुढे विषय काढला की ती मासळी निवडता निवडता शांतपणे एवढंच म्हणते,

"आत तुमी एकटेच होते, हे पन तुमीच सांगता."