जगदेवची डांगरी, शालिग्रामच्या अंगात

लढाई संपली आणि पलटणीतले उतरलेले कपडे वाशीमच्या बाजारात ढिगाने येऊन पडले. त्या ढिगातून रिठदच्या जगदेवने एक डांगरी उपसून काढली. सदरा आणि पाटलोण एकालाच एक शिवलेले, गळ्यापासून खालपर्यंत बटणे. घरी बायकोने, पंचफुलाने, ती उलटीपालटी करून पाहिली आणि तोंडाला पदर लावला.

"मानूस यात शिरते कुठून अन् निंगते कुठून?"

जगदेवने ती हौसेखातर आणली नव्हती. वाशीमच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, तो कित्येक हंगाम वाफेच्या बंबात कोळसा मारत आला होता. इंजिनाचे म्हातारे मेस्त्री यंदा घरी बसणार होते आणि इंजिन जगदेवच्या हाती जावे, असे त्यांच्या मनात होते. पण मागल्या साली एका गड्याचे धोतर इंजिनाच्या पट्ट्यात गेले आणि धोतरामागे गडीही गेला. तेव्हापासून मॅनेजरचा हुकूम होता, धोतरवाला इंजिनाजवळ दिसता कामा नये.

त्याच जिनात गाठी वाहणारा शालिग्राम हा जगदेवचा फेटाभाऊ. शिरपूरच्या जत्रेत दोघांनी चार माणसांदेखत एकमेकांचे फेटे डोक्याला बांधले होते. असा भाऊ रक्ताच्या भावाहून जड. त्याने वस्तू मागितली की कशाला म्हणून विचारायचे नाही, ही रीत.

जिन सुरू व्हायला अवकाश होता. एका संध्याकाळी शालिग्राम वाशीमहून थेट जगदेवच्या ओसरीवर आला.

"उद्या मले तुही डांगरी दे. बाजारात मिरवून येतो."

"घाल बापा, पन बटनं तोडू नको," जगदेव हसून म्हणाला. पंचफुलाने डांगरीची घडी करून दिली आणि वर चहा पाजला.

तीन दिवसांनी जगदेव वाशीमला गेला, तर मेस्त्री अंगावरच आले. "परवा काहून नाई आला? मॅनेजर मानूस निवडाले येनार हाय, डांगरी घालून ये, असा निरोप शालिग्रामजवळ देला होता!"

"मले कोनी काई सांगतलं नाई, मेस्त्री."

मेस्त्रींनी कपाळावर हात मारला. "तो त म्हने, जगदेवले इंजिनाचं भेव वाटते, म्हून मलेच धाडलं. मॅनेजरनं त्यालेच ठेवलं."

भरवशाच्या म्हशीला टोणगा! जगदेवला रडू आले नाही, संतापही धड येईना. नुसती लाज वाटली, आपण हसत हसत दिली त्याची.

तो तसाच शालिग्रामच्या दारात गेला. शालिग्रामने आतून धुतलेली डांगरी आणली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"घे. मले जिनातून दुसरी भेटली. अन् आपल्यात तुहं-माहं हाय काय?"

"परक्यानं नेली असती त त्याले चोर म्हटलं असतं," जगदेव म्हणाला. "तुले काय म्हनू?"

गावाने शालिग्रामला बोल लावला नाही. फेटाभावाने मागितली, मिळाली, परत केली, यात वावगे काय? जगदेवने डांगरी पुन्हा कधी अंगात घातली नाही.

हंगाम सुरू झाला. पोट होते, म्हणून जगदेव पुन्हा बंबापुढे उभा राहिला. कामाचा भोंगा वाजवणे हे इंजिनवाल्याचे काम. रोज पहाटे शालिग्राम तो वाजवी आणि जगदेव फावडे उचली.