खलीलभाई आणि चौदा मिनिटांचं गाणं

खोपोलीच्या शिळफाट्यावर खलीलभाईंचं साउंडचं दुकान आहे, आणि दुकानापेक्षा त्यांचं तोंड मोठं आहे. लग्न, हळद, उरूस, गणपती, कबड्डीचे सामने, जिथं त्यांचे स्पीकर तिथं त्यांचं मत. ह्या गायकाचा सूर घसरतो, त्या बेंजोवाल्याची लय पळते, तमका डीजे तर नुसते पत्रे बडवतो. मिक्सरला हात लावण्याआधी खलीलभाई पंधरा वर्षं बेंजो पार्टीत ढोलकी वाजवायचे. त्यामुळं तालातलं आपल्याला जेवढं कळतं तेवढं खोपोलीपासून कर्जतपर्यंत कुणाच्या बापाला कळत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. आणि खरं सांगायचं तर ती फारशी चुकीचीही नव्हती, हीच तर पंचाईत.

त्यांची लेक सदफ इंजिनिअरिंग करता करता ड्रम वाजवायला शिकली. तिथपर्यंत बापाला आतून गुदगुल्याच झाल्या. पण तिनं तीन पोरांना घेऊन बँड काढला आणि आम्ही प्रोग्रेसिव्ह मेटल वाजवतो असं सांगितलं, तेव्हा त्यांना हसू आवरेना. साजगावच्या कारखान्यात वितळतं ते मेटल त्यांना ठाऊक होतं, हे प्रोग्रेसिव्ह कसलं? सदफनं समजावलं की गिटार जोरकस असते, गाणं एका जागी बसत नाही, ताल बदलत जातो, गोष्टीसारखं पुढं पुढं सरकतं. म्हणजे पोरांना ताल धरता येत नाही आणि त्यालाच नाव दिलंय, असा निकाल खलीलभाईंनी लावला. पुढचा महिनाभर हाच विनोद त्यांनी शिळफाट्यावरच्या एकूण एक चहावाल्याला ऐकवला. बँडमध्ये गाणाऱ्या रूपेशच्या घशात माशाचा काटा अडकलाय, कुणीतरी पाठीत धपका घाला, हा त्यातला खास तुकडा. तो घरी जेवतानाही व्हायचा, आणि सदफ मान खाली घालून जेवायची. तिची आई अनिसा म्हणायची, पुरे करा आता. पण जन्मभर ज्याच्या हातात माईक, त्याला थांबवणार कोण?

मग कशेळ्याच्या पुढं एका फार्महाऊसवर असल्याच गाणाऱ्यांचा कार्यक्रम ठरला. सदफच्या बँडला जागा मिळाली, लोकांपुढं वाजवायची पहिलीच वेळ, एकच गाणं, चौदा मिनिटांचं. साउंड कुणाचा, हे सदफला ठरवायचं होतं. ती बापाकडं आली. एवढं ऐकून घेऊनही आली, कारण मुलखात त्यांच्याएवढा हात कुणाचा नाही हे तिलाही माहीत होतं. रेकॉर्डिंग तिनं त्यांच्या फोनवर पाठवलं आणि एकच गोष्ट मागितली.

"अब्बा, एकदा शेवटपर्यंत ऐका. मग काय हसायचं ते हसा."

आता बोला. यापेक्षा कमी कुठल्या पोरीनं बापाकडं मागितलंय?

खलीलभाई ऐकायला बसले ते चुका काढायला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांनी स्पीकर उघडून तपासला, आतली कॉइल गेली असावी म्हणून. दुसऱ्यांदा मांडीवर ठेका धरला आणि दहा मोजायच्या आत तोंडावर पडले. सम सापडेना! कधी नव्हे ते आयुष्यात एखाद्या तालानं त्यांना असं रस्त्यात सोडलं होतं. माणूस चिडला. खोपोलीचा घाट उतरताना टेंपोत तेच लावलं, दुकानात दुपारी शटर अर्धं ओढून तेच लावलं. पाचव्या-सहाव्या खेपेला उलगडलं. सात, सात आणि मग आठ. वरून गिटार दगडफेक करत होती, खाली पोरीचा पाय न चुकता सात, सात, आठ मोजत होता. खलीलभाईंच्या अंगावर काटा आला. ते एकटेच होते म्हणून बरं, नाहीतर त्यांनी तोही कुणाला दिसू दिला नसता.

त्यानंतर सवयच लागली. ताटाच्या कडेवर बोटं चालायची. अनिसानं विचारलं तर म्हणाले, माशी हाकलतोय. आवडलं असं लेकीला सांगायचं म्हणजे महिनाभराचे विनोद गिळायचे, आणि तेवढा मोठा घास खलीलभाईंच्या घशाखाली उतरणारा नव्हता. उलट त्यांनी चहावाल्याला नवीन विनोद ऐकवला.

पण एक गोम होती. त्या गाण्यात पुढं एक तुकडा तीनदा वाजतो, धाडकन समेवर येतो आणि सगळं शांत होतं. आता ढोलकीवाल्याला विचारा, तुकडा तीनदा झाला आणि सम आली म्हणजे काय? म्हणजे तिहाई झाली, कार्यक्रम आटोपला, वाजवणारे उठले. खलीलभाई तिथं दरवेळी बटण दाबायचे. गाणं चौदा मिनिटांचं, ते संपवायचे नवव्या मिनिटाला. घड्याळ बघायची गरज त्यांना कधी वाटलीच नाही. तिहाई कळत असलेल्या माणसाला घड्याळ कशाला!

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सदफनं विचारलं, ऐकलंत का. ऐकलं की, म्हणाले. शेवटपर्यंत? हो तर. शेवट कसा वाटला, असं तिनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, बरा आहे, संपतं एकदाचं. सदफनं त्यांच्याकडं एकदा बघितलं. मग ती ड्रमच्या काठ्या पिशवीत भरायला गेली.

कार्यक्रम दुपारी चारचा. गवतावर दीडशेक माणसं, उन्हाळ्यात काळे शर्ट घालून बसलेली. खलीलभाईंनी आवाज मात्र असा लावला होता की नाव ठेवायला जागा नाही. पोरांनी सुरुवात केली, सात-सात-आठचा भाग आला, खलीलभाईंची बोटं मिक्सरवर नाचत होती. मग तिहाई आली. सम आली. शांत.

ती शांतता सदफनं लिहिलेली होती. अकरा सेकंद मनात मोजून चौघांनी एकदम उठायचं, त्यासाठीच सगळं गाणं रचलेलं होतं. ती डोळे मिटून, काठ्या वर धरून मोजत होती. इकडं खलीलभाईंचा तीस वर्षांचा नेम, की स्टेज रिकामं पडू द्यायचं नाही, आवाज थांबला की लोक साउंडवाल्याकडं बघतात. त्यांनी सगळ्या माईकचा आवाज खाली केला आणि कायम लावून ठेवलेला पेनड्राइव्ह सुरू केला. लग्नातली सनई सुरू झाली. पाहुण्यांनी जेवून घ्यावं, अशी.

सदफनं डोळे उघडले. बापाकडं बघितलं, पण मोजणं सोडलं नाही. अकरा झाल्याबरोबर पोरं तुटून पडली. खलीलभाईंनी घाबरून माईक वर केले, सनई बंद करायचं बटण घामेजल्या बोटांना सापडेना, आणि चांगली पंधरा सेकंद सनई त्या दणदणाटात पिसाळल्यागत वाजत राहिली.

गाणं संपलं आणि गवतावरची माणसं उभी राहिली. टाळ्या, शिट्ट्या. एक दाढीवाला मुंबईहून आलेला होता, तो म्हणाला की सनई आणायची ही हिंमत आजवर कुणी केली नाही, ह्यात आपल्या मातीचं दुःख आहे. दुसरा म्हणाला, दुःख नाही, विडंबन आहे. दोघं त्यावरून वाद घालत बसले. जाणकार म्हणतात ते हे. शेवटी आयोजक खलीलभाईंचा हात हातात घेऊन म्हणाला की पुढच्या वर्षीही या, सनई मात्र ठेवा. खलीलभाईंनी मान डोलावली. वाचलो, असं त्यांना वाटलं. सदफ वायरी गुंडाळत होती.

"तुमी शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं ना?" तिनं विचारलं.

एवढे लोक बाजूनं होते, खोटं सहज खपलं असतं. पण खलीलभाईंनी खरं ते सांगितलं, नव्हतं ऐकलं.

"त्यांना नाय कळलं, त्याचं मला काय नाय. ती परकी माणसं हायत," सदफ म्हणाली.

खलीलभाईंनी खिशातून फोन काढला. आत्ता ऐकतो, म्हणाले, टेंपोत बसून, पुरं चौदा मिनिटं. सदफ म्हणाली, शिक्षा म्हणून ऐकू नका. शिक्षा नाही, हे सांगायला त्यांची जीभ रेटेना. सम कुठं सापडली, माशी कुठली नव्हतीच, हे सगळं ओठांवर येऊन अडलं. जन्मभर वटवट केलेल्या माणसाला एक साधं वाक्य जमवायला कितीतरी वेळ लागला.

"सदफ, मला खरंच आवडलंय गं ते गाणं."

सदफनं हातातली वायर खाली ठेवली, आणि आता पुढचा विनोद कधी येतो त्याची वाट बघत उभी राहिली.